उरलेल्या लोकरीच्या मावशी

मावशी कोणाच्याही घरी गेल्या की चपला काढता काढताच विचारायच्या, "लोकर उरली हाय काय वो घरात?" बारशाला गेल्या तरी हेच, आणि कोणी वारलं म्हणून भेटायला गेल्या तरी, निघताना का होईना, हेच. एकदा भाजीच्या गाडीवर शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईच्या स्वेटरची बाही त्यांनी सरळ हातात धरली आणि म्हणाल्या, "उसवून रायली हे. याच्या लोकरीची गुंडी घरी असन तं आनून द्या, नीट करून देते. उरली ते माही." ती बाई आधी दचकली, पण दुसऱ्या दिवशी गुंडी घेऊन खरंच आली.

अमरावतीच्या त्या भागात त्यांना सगळे 'चौकोनवाल्या मावशी' म्हणत. मी अकोल्याची. स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी अमरावतीला आले आणि त्यांच्या घराची मागची खोली भाड्यानं घेऊन दोन वर्षं राहिले. खाली मावशी एकट्या, वरच्या मजल्यावर त्यांचा मुलगा प्रवीणदादा आणि सूनबाई. मावशींचं माहेर भातकुलीकडचं, झेंडू-शेवंती लावणारं. लहानपणी फुलांच्या माळा करताना बोटांना जी सवय लागली ती सुटली नाही, म्हणत. माळा सुटल्या आणि क्रोशाची सुई हातात आली.

त्या विकतची लोकर कधी आणत नसत. कोणाच्या नातवाचं टोपरं विणून उरलेली, कोणाच्या जुन्या स्वेटरची उसवलेली, कोणी रंग आवडला नाही म्हणून अर्धवट सोडलेली, अशी सगळी लोकर त्यांच्याकडे जमायची. तिचे त्या तळहाताएवढे चौकोन विणत. मधोमध पिवळा रंग, त्याभोवती जो हाताला लागेल तो. साठ-सत्तर चौकोन झाले की एकमेकांना जोडायचे, की एक चादर तयार. पिवळी लोकर फार कमी उरते. ती मिळेपर्यंत त्या थांबून राहत, पण मधे दुसरा रंग घालत नसत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मधात उजेड पाह्यजे माय. बाजूनं काही का असंना."

माझी खोली पूर्वी त्यांच्या मुलीची होती. भिंतीवर तिचं शिवणकामाच्या कोर्सचं फ्रेम केलेलं प्रमाणपत्र होतं. त्याच्या कोपऱ्यात पासपोर्ट फोटो, केस कानामागे खोचलेली, हसू दाबून धरलेली मुलगी. नाव वर्षा. सूनबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, "नणंद सासरहून निघून गेली. घरात तिचा विषय काढू नको." मी काढला नाही. पण एका दुपारी क्लास लवकर सुटला, मी मागच्या दारानं आत आले, तर मावशी माझ्या पलंगावर बसून फ्रेमकडे पाहत विचारत होत्या, "जेवली काय?" मला पाहिल्यावर पदर सावरत उठल्या. मग म्हणाल्या, "तुलेच विचारलं."

आणखी एक गोष्ट माझ्या हळूहळू लक्षात आली. गल्लीत ऑटो थांबला की मावशींचा हात थांबायचा. सुई धाग्यात अडकलेली, मान खाली. फाटकाकडे त्या पाहत नसत. नुसत्या ऐकत राहत. कोणाचं तरी भाडं देऊन झालं, ऑटो निघून गेला, की त्या चौकोनाचे टाके पहिल्यापासून मोजायला लागत. आणि स्वतः त्या ऑटोत कधीच बसत नसत. बाजारात, दवाखान्यात, कुठेही चालत.

हे का, ते मला कळलं त्या हिवाळ्यात. कोणीतरी एक मोठा मरून स्वेटर दिला होता. मावशी तो उसवत होत्या आणि मी दोन्ही हात पुढे करून त्यावर लड धरून बसले होते. त्या गुंडी करत होत्या, गोल, चेंडूसारखी. म्हणाल्या, "वर्षा अंगठ्यावर गुंडाळे. लंबी व्हायची तिची गुंडी, भेंडीवानी. आतलं टोक बाहेर ठेवायची, ते वढलं की सरसर निंघे." त्यांनीच विषय काढला होता, म्हणून मी विचारलं, "त्या कुठे असतात, काहीच कळलं नाही का?"

मावशींनी गुंडाळणं थांबवलं नाही.

"तीनदा आलती घरी. तीनदाही मीच वापस धाडली."

त्यांच्या घरचं लग्न साट्यालोट्याचं होतं. वर्षाच्या नवऱ्याची सख्खी बहीण म्हणजेच मावशींची सून. एकाच मांडवात दोन लग्नं लागलेली. यवतमाळच्या बाजूचं घर, शेती बरी, माणूस मात्र हात उचलणारा.

"पहिल्यांदा आली तं म्हनलं, नवं लगन हाय, होईन नीट. दुसऱ्यांदा आली तं दंडावर असे डाग. हयद लावून देली अन् आठ दिवसांनी धाडली. तिसऱ्यांदा आली त्या दिवशी सूनबाईचं डोहायजेवन होतं. अंगन बायांनी भरेल. ही फाटकात उभी, हातात पिशवी. मले वाटलं, आता ही चार बायांत काही बोलली, तं सून बी बाळंतपनाच्या आधीच निंघून जाईन. दोन घरं मोडतीन. मी तिले बोळातून मांगं नेली. म्हनलं, पोरी, आज नको. ऑटो थांबवला अन् बसवून देली."

"मग?"

"काहीच बोलली नाई वो. भांडली असती तं बरं झालं असतं. मांगं वळून पाह्यलं बी नाई."

चार दिवसांनी सासरहून फोन आला की वर्षा तिकडे पोचलीच नाही. तक्रार नोंदवली, नातेवाइकांची घरं पालथी घातली. मावशींनी तो ऑटोवालासुद्धा शोधून काढला. त्याला एवढंच आठवत होतं की बाई बसस्टँडवर उतरली. या गोष्टीला तेव्हा तीन वर्षं झाली होती. सूनबाईंचं ते मूल पोटातच गेलं होतं. घरात कोणी मोठ्यानं बोलत नसे.

पुढच्या हिवाळ्यात मी अकोल्याला घरी गेले होते. आईच्या साडीला फॉल लावायचा होता, म्हणून मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरातल्या एका फॉल-पिकोच्या दुकानात गेले. दुकान शबाना आपांचं, साठीच्या, जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या. आत शिलाई मशीनवर एक बाई बसली होती. त्या वेळी काम नव्हतं, म्हणून तिच्या मांडीवर क्रोशा होता. तळहाताएवढा चौकोन. निळा, राखाडी, आणि मधोमध पिवळा.

मी वर पाहिलं. त्या फोटोबरोबर मी दीड वर्ष एका खोलीत राहिले होते.

"तुम्ही वर्षाताई ना?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिच्या हातातली सुई खाली पडली. शबाना आपा उठल्या आणि त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं. "कोन हाय तू? किसने भेजा तुझे?"

मी घाईघाईनं सगळं सांगितलं, खोली, क्लास, फ्रेम. वर्षा ऐकत होती. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "आईले माहीत हाय?"

"नाही."

"मंग सांगू नको. आई मुद्दाम नाई सांगनार कोनाले. पन तिच्या तोंडावर सगळं दिसते. वयनीच्या ध्यानात येईन, वयनी तिच्या भावाले सांगन, अन् तो मानूस दुसऱ्या दिवशी या दुकानात उभा राईन. त्यानं सांगून ठेवेल हाय, घर सोडलं तं पाय तोडतो म्हनून."

मी शब्द दिला. मग ती थोडी सैल झाली. त्या दिवशी बसस्टँडवर तिनं सासरच्या गावाची गाडी पाहिली आणि तिच्यात पाऊल ठेववेना. शेजारी अकोल्याची गाडी सुटत होती, तीत ती चढली. बाजूच्या सीटवर शबाना आपा होत्या. "सारा रस्ता रडत होती ही," आपा म्हणाल्या, "मी काय विचारू? उतरताना म्हनलं, चल बेटी, आधी रोटी खा ले." त्याला आता चार वर्षं होत आली होती. ती आपांच्याच घरी, वरच्या खोलीत राहत होती.

निघताना वर्षानं विचारलं, "चौकोन करते काय आई अजून?" मी हो म्हटलं. तिनं टेबलाखालून एक पिशवी काढली. "एवढी लोकर ने. माहं नाव नको घेऊ."

अमरावतीच्या बसमध्ये मी ती पिशवी उघडली. आत सात-आठ गुंड्या होत्या. सगळ्या लांबट, भेंडीसारख्या, आतलं टोक बाहेर काढलेलं.

त्या सगळ्या उकलून मला गोल गुंडाळता आल्या असत्या. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, माझ्याजवळ अडीच तास होते आणि मांडीवर पिशवी. मी एकाही गुंडीला हात लावला नाही. मी दिलेला शब्द मोडला की पाळला, हे मला त्या दिवशीही ठरवता आलं नाही, आजही येत नाही.

मावशींनी पिशवी उघडली. पहिली गुंडी हातात घेतली, बोटांनी चाचपली, टोक ओढून पाहिलं. धागा सरसर निघाला. किती तरी वेळ त्या तो धागा नुसता बोटाला गुंडाळत राहिल्या. वर जिन्यात सूनबाईंची चाहूल लागली आणि गेली.

"कोठून आनली?"

"अकोल्याहून. एका ओळखीच्या बाईंनी दिली."

"त्या बाईची तब्येत बरी हाय?"

"बरी आहे."

"काम करते?"

"करते. चांगलं चाललंय."

"कोनी मारत तं नाई ना तिले?"

"नाही, मावशी."

त्यांनी गुंडी पदरात झाकली. मी पत्ता सांगायला तोंड उघडलं असावं, कारण त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "नको सांगू. सांगतला तं मी जाईन. मी गेली का माह्या मांगं सगळे येतीन."

त्यानंतर मी दर पंधरा दिवसांनी घरी जाताना मावशी एक पिशवी द्यायच्या. "त्या बाईले देजो." कधी मिरचीचं लोणचं, कधी विणलेले दहा-बारा चौकोन, सुटे. जोडून कधी दिले नाहीत. वर्षाही तिकडून लोकर पाठवायची, लांबट गुंड्यांची. दोघींनी एकमेकींना एक शब्द सांगून पाठवला नाही, आणि मीही मधे काही घातलं नाही. मावशी आनंदी झाल्या असं मात्र मी म्हणणार नाही. ऑटो थांबला की त्यांचा हात अजूनही थांबायचा. पूर्वी त्या वाट पाहत होत्या. आता त्यांना भीती वाटत होती, की एखाद्या दिवशी ती खरंच येईल आणि तेव्हा घरात नेमकं कोण असेल.

जावई दर दिवाळीनंतर बहिणीला भेटायला म्हणून यायचा. मी असतानाही आला. धिप्पाड, बोलायला गोड. मावशींनी त्याला चहा दिला आणि समोर बसून विणू लागल्या. त्यांच्या सुईवर त्या वेळी वर्षानं पाठवलेलीच लोकर होती.

"काही पत्ता लागला काय, आई?" त्यानं विचारलं.

"नाई."

"लागला तं मले सांगजा."

"तुमालेच सांगन ना आधी," मावशी म्हणाल्या. विणणारा हात जराही अडखळला नाही. तो गेल्यावर त्या मोरीत जाऊन खूप वेळ तोंड धूत राहिल्या.

माझी परीक्षा झाली त्याच सुमाराला मावशी आजारी पडल्या. छातीत पाणी झालं होतं. दवाखान्यात त्या जनरल वॉर्डात होत्या, खिडकीजवळ. ताप चढला की नर्सला वर्षा म्हणत, मला वर्षा म्हणत. आणि त्या अवस्थेतही वाटप चालूच होतं. आपल्या वाटची केळी डावीकडच्या बाईला, उशाचा टॉवेल वॉर्ड झाडायला येणाऱ्या बाईला. पायावर त्यांची शेवटची चादर होती. एका बाजूचे चौकोन जोडायचे राहिलेले, सुई तशीच अडकवलेली.

डॉक्टरांनी प्रवीणदादाला बाजूला घेऊन काय सांगितलं ते मी ऐकलं, आणि त्या दिवशी वर्षाला फोन केला. शबाना आपांनी फोन हिसकून घेतला. "नको बोलवू. पकडी जाएगी." मागून वर्षाचा आवाज आला, "मी येते."

दुसऱ्या दिवशी चार वाजता भेटीची वेळ सुरू झाली आणि दहाच मिनिटांत जावईही दारातून आत आला. सासूची शेवटची भेट म्हणून आला होता. मी वर्षाला फोन लावला. तो लागला नाही. थोड्या वेळानं वॉर्डात एक बाई आली, चेहऱ्याभोवती डोळ्यांपर्यंत घट्ट स्कार्फ गुंडाळलेली. अमरावतीत गाडी चालवणाऱ्या निम्म्या बाया अशाच फिरतात. कोणी मान वळवूनही पाहिलं नाही. समोरच्या रांगेत एक म्हातारी होती, तिला कोणीच भेटायला येत नसे. ती बाई त्या म्हातारीच्या खाटेशी स्टुलावर जाऊन बसली.

दोन खाटांमध्ये फार तर पाच-सहा पावलं असतील. मावशींच्या उशाशी प्रवीणदादा, पायाशी सूनबाई, आणि वाटेत जावई, फोनवर बोलत. एकदा त्याला खिडकीकडे जायचं होतं. "सरका जरा," तो त्या बाईला म्हणाला. तिनं स्टूल सरकवलं. तो तिला घासून पलीकडे गेला.

मावशींनी डोळे उघडले होते. त्या समोर पाहत होत्या. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग मला म्हणाल्या, "त्या बाईचा पेशंट उघडा हाय. हे देऊन ये," आणि पायावरची चादर ओढायला लागल्या.

"आई, तुमालेच थंडी वाजून रायली," सूनबाई म्हणाल्या.

"मले नाई वाजत. दे तिले."

मी चादर घेऊन पलीकडे गेले. वर्षानं ती दोन्ही हातांनी घेतली. छातीशी धरली, एवढाच वेळ, की कोणाच्या लक्षात येऊ नये. मग तिनं ती त्या म्हातारीच्या अंगावर पसरली, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. कडा नीट दाबल्या आणि चादरीवर हात ठेवून बसून राहिली. सहा वाजता वॉर्डबॉय सगळ्यांना बाहेर काढायला लागला. तिनं वाकून चादरीच्या कडेला अडकवलेली सुई हळूच सोडवली, मुठीत घेतली आणि घोळक्यातून निघून गेली. चादर म्हातारीच्या अंगावरच राहिली.

मावशी त्यानंतर दोनच दिवस होत्या. अंत्यविधीला वर्षा येऊ शकली नाही. मी तिला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून नुसता मशीनचा आवाज येत होता, मग तोही थांबला.

मला नोकरी अकोल्यातच लागली. मी महिन्यातून एकदा तरी जुन्या शहरात जाते. आपा आता थकल्या आहेत, दुकान वर्षाच पाहते. ती अजूनही बाजारातून स्कार्फ बांधूनच जाते. चौकोन करते, त्याच सुईनं. आणि चहा झाला की दर वेळी, जणू पहिल्यांदाच विचारते आहे अशा आवाजात विचारते, "आईनं मले ओळखलं असन काय वो?"

मी म्हणते, "ओळखलं."

"कशावरून?"

"तुमच्या डोळ्यांवरून. उगाच का चादर दिली?"

ती मान हलवते आणि पुन्हा विणायला लागते.

पण त्या भेटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशींजवळ गेले होते. ताप उतरला होता, त्या शुद्धीवर होत्या, पेज पीत होत्या. सूनबाई शेजारीच बसून केस विंचरत होत्या. मी वाकून हळूच विचारलं, "मावशी, काल ती समोर बसलेली बाई पाहिली ना?"

मावशींनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "कोन बाई?" म्हणाल्या.

सूनबाई तिथे होत्या म्हणून तसं म्हणाल्या, की खरंच त्यांना काही आठवत नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही. मी आणखी काही विचारायच्या आत त्यांनी वाटी माझ्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड केलं.

हे मी वर्षाला अजून सांगितलेलं नाही.